टकटक ऐकू येते का?

"दादा, गॅस येत नाहीये बहुतेक. गीझर पेटतच नाही." थंडी पडली की डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणहून येणारे फोन असेच सुरू होतात. मी विचारतो, नळ सोडल्यावर टकटक ऐकू येते का?

गॅस गीझर चालू होतो तो पाण्याच्या जोरावर. पाणी वाहू लागलं की आतला रबरी डायफ्राम दांडी ढकलतो, मायक्रोस्विच दबतो, ठिणग्या पडतात, मग गॅस सुटतो. टकटक नसेल तर आधी सेल बदला. तरीही गप्प असेल तर 1 लिटरचा मग गरम नळाखाली धरा. भरायला 25 सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर गॅसला दोष देऊ नका, पाणी कमी पडतंय.

सर्वांत वरच्या मजल्यावर हे हमखास होतं. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर 3 मीटरवर असेल तर 0.3 बारच. म्हणून खालच्या मजल्यावरचा तोच गीझर झकास चालतो. दुसरं कारण जाळी. आपल्याकडे उल्हास नदीचं पाणी. पावसाळ्यात गढूळ येतं, शटडाऊननंतर तर पाइपातला गंजही उतरतो. पाणी बंद करून गीझरच्या इनलेटचा नट सोडला की रुपयाएवढी जाळी हाती येते, तपकिरी चिखलानं लिंपलेली. जुन्या टूथब्रशनं घासली की बऱ्याचदा गीझर लगेच पेटतो, पार्ट लागत नाही.

टकटक आहे पण ज्योत नाही, तर गॅसचा कॉक, रेग्युलेटर बघायचा. सिलिंडर जाऊन महानगर गॅसची पाइपलाइन आली आणि पाणी कोमटच राहिलं, तर नॉझल जुनंच असणार. पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं. ते काम जाणकाराचंच.

ठाण्याच्या टॉवरांत विजेचे गीझर जास्त. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला 2 किलोवॉटच्या एलिमेंटला पाऊण तास लागत असेल, तर त्यावर बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा क्षार चढलाय का ते बघा. पाव तास पुरायला हवा. एमसीबी पडत असेल तर तो पुन्हापुन्हा उचलू नका.

गॅस गीझर पेटून मध्येच विझतो, तेव्हा मात्र मी घाई करत नाही. सेल उतरले असतील. किंवा बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन घटला म्हणून सेन्सरनं गॅस तोडला असेल. अनेक गीझरांत 20 मिनिटांचा टायमरही असतो. "तेवढा सेन्सर बायपास करून द्या" म्हणणारे भेटतात. मी करत नाही, कितीही पैसे दिले तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, गरगरतं, आणि कडी काढायचंही बळ उरत नाही. अशा घरी मी गीझर ड्राय बाल्कनीत हलवायला सांगतो. पाइप वाढेल, गरम पाणी यायला थोडा वेळ लागेल, भिंतीला एक भोक पडेल. सोसायटीची परवानगी लागत असेल तर सेक्रेटरींशी बोलायला मी स्वतः येतो.