मनाचीही पीकपाहणी करा

पीक पिवळे पडले की आपण रोप उपटून मुळे पाहतो, पानाची मागची बाजू पाहतो. दोष पाण्याचा, किडीचा की आपल्या हातचा, हे कळल्याशिवाय शहाणा शेतकरी फवारणीला हात घालत नाही. घरावर संकट आले म्हणजे मात्र मनाची अशी पाहणी राहून जाते. दैवाला किंवा भावकीला बोल लावून आपण मोकळे होतो.

दौंड तालुक्यातील केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे चरित्र अशा वेळी आठवावे. त्यांचा जन्म १८५८ चा. ऐन तारुण्यात दुष्काळाने वडील, आई आणि थोरली बहीण नेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती वारले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. इतके भोगलेले माणूस कडवट झाले तर कोण नावे ठेवील?

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. पण बाप्तिस्मा झाला म्हणजे सारे झाले, असे त्यांनी मानले नाही. पुढे काही वर्षांनी त्यांनी स्वतःलाच तपासले. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला का? ही उणीव त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात उघड सांगितली. विदुषी म्हणून गाजलेल्या बाईला हे सोपे नव्हते.

या पाहणीचे फळ कामात दिसले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पुण्यात शारदा सदनाचा व्याप होताच. तरी स्वतः सोसलेली भूक आठवून त्या तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीत विहिरी खणल्या, फळझाडे लावली, मुलींना विणकाम व छपाई शिकवली. जुन्या दुःखाचे त्यांनी खत केले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलाचे मराठी भाषांतर पुरे करूनच १९२२ मध्ये रमाबाईंनी डोळे मिटले.

ख्रिस्ती लोकांत निजण्यापूर्वी दिवसाचा झाडा घेण्याची जुनी रीत आहे. आज काय चांगले मिळाले? मी कोणाला दुखावले? उद्या काय सुधारीन? धर्म कोणताही असो, हे तीन प्रश्न प्रत्येक घरात चालतील.

एक मात्र ध्यानात ठेवा. आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला छळणे नव्हे. पाऊस दडी मारतो, भाव पडतात, हा तुमचा दोष नाही. त्या रागात मुलांवर हात उगारला, बायकोशी अबोला धरला, कर्जाची गोष्ट घरात लपवली, तर ते मात्र आपल्या हातचे आहे आणि म्हणूनच सुधारता येते. मन फारच खचले असेल तर एकट्याने कुढत बसू नका. घरच्यांना सांगा, विश्वासाच्या माणसाला गाठा, डॉक्टरांकडे जा. आज जेवणे उरकल्यावर घटकाभर सगळे एकत्र बसा, आणि बोलायला सुरुवात घरातल्या कर्त्याने करावी.