उपग्रहांचे दफ्तर वाचताना

पेशवे दफ्तरातला मोडी कागद नवख्याच्या हाती दिला, तर अक्षरओळख असूनही तो त्याला लगेच लागत नाही. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. कागद वाचायला जाणकार लागतो. समुद्र आणि वातावरण यांविषयी उपग्रहांनी पाठवलेल्या माहितीचेही असेच एक अवाढव्य दफ्तर गेल्या काही दशकांत साठले आहे. ते उलगडून दाखवणारे जाणकार म्हणजे काही ओळींचे छोटे संगणकीय प्रोग्राम. त्यांना ‘रीड रूटीन’ म्हणतात. त्यांच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. पण समुद्र तापतो आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हातून जाते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ४ मे २००२ रोजी नासाचा ‘अ‍ॅक्वा’ उपग्रह अवकाशात गेला. त्यावर ‘एएमएसआर-ई’ हे जपानी उपकरण होते. समुद्राच्या पृष्ठभागातून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी ते टिपत असे. या लहरी ढगांतून पार होतात, त्यामुळे आभाळ भरलेले असतानाही पाण्याचे तापमान कळे. कॅलिफोर्नियातील ‘रिमोट सेन्सिंग सिस्टिम्स’ ही संस्था या नोंदींवरून रोजचे नकाशे तयार करी. पृथ्वीचे पाव-पाव अंशाचे चौकोन पाडले की १४४० स्तंभ आणि ७२० ओळी, म्हणजे १०,३६,८०० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीच्या वाट्याला एक बाइट. आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. दशांश चिन्ह नाही की ऋण चिन्ह नाही.

मग त्यात तापमान बसवायचे कसे? त्यासाठी एक संकेत ठरलेला असतो. तापमानाच्या नकाशातला आकडा ०.१५ ने गुणायचा आणि गुणाकारातून ३ वजा करायचे. २०० असेल तर तापमान २७ अंश सेल्सिअस. तेच २०० वाऱ्याच्या नकाशात असतील तर ०.२ ने गुणायचे, म्हणजे वेग सेकंदाला ४० मीटर. बाष्पाच्या नकाशात गुणक ०.३, उत्तर ६० मिलिमीटर. फाइलमध्ये मात्र तिन्ही ठिकाणी नुसते २००. त्यांचा अर्थ रूटीनला ठाऊक असतो.

खरी गोम पुढे आहे. मोजमापाचे आकडे २५० पर्यंतच. उरलेले पाच खुणेसाठी राखून ठेवलेले आहेत. २५५ म्हणजे जमीन. २५४ म्हणजे त्या दिवशी तिथली नोंदच नाही. २५३ म्हणजे नोंद आहे, पण सदोष. २५२ म्हणजे समुद्रावरचा बर्फ. २५१ म्हणजे पावसामुळे मोजता आले नाही. ही खूणगाठ न ओळखता सरसकट गुणाकार केला, तर २५२ चे ३४.८ अंश होतात आणि ध्रुवाजवळचा बर्फ उकाड्यातल्या समुद्रासारखा दिसू लागतो. चक्रीवादळात, जिथे वाऱ्याचा वेग कळायला हवा असतो, तिथे जोरदार पावसामुळे नेमके २५१ येऊ शकतात. ते आकडा म्हणून वाचले तर सेकंदाला ५०.२ मीटर असा खोटा वारा सुटतो. शून्य धरले तर वादळाच्या जागी शांतता दिसते.

एकापेक्षा अधिक बाइट लागणाऱ्या आकड्यांत आणखी एक पेच आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो आणि २५ लिहिताना दशक आधी मांडतो. संगणकांतही काही मोठा बाइट आधी ठेवतात, काही लहान. ‘०, १’ हे दोन बाइट एका रीतीने १ होतात, दुसऱ्या रीतीने २५६.

खूण आणि आकडा यांतला फरक किती महागात पडू शकतो, हे ओझोनच्या कहाणीत दिसते. मे १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रातल्या मोजमापांवरून ओझोनची मोठी घट ‘नेचर’मध्ये जाहीर केली. १९७८ पासून ‘निंबस-७’ उपग्रहही वरून ओझोन मोजत होता. मग त्याला हे दिसले नाही का? संगणकाने ते आकडे फेकून दिले, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. १८० डॉब्सन एककांखालच्या नोंदींवर ‘संशयास्पद’ अशी खूण पडत होती, कारण ओझोन इतका कमी असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. नोंदी मात्र जपलेल्या होत्या. म्हणूनच त्या पुन्हा तपासता आल्या आणि ओझोनचे ते विवर केवढे पसरले आहे, ते जगाला नकाशावर दिसले.

पुढे अमेरिकेतील ‘युनिडेटा’ने ‘नेटसीडीएफ’ ही फाइलची रचना प्रचारात आणली. तिच्यात गुणक, एकक आणि ‘नोंद नाही’ची खूण फाइलमध्येच लिहून ठेवता येते, रूटीन हरवले तरी अर्थ हरवत नाही. तरीही ती खूण वाचायची की ओलांडून पुढे जायचे, हे वाचणाऱ्यावरच राहते. सरासरी काढताना न मोजलेली चौकट बाजूला ठेवायची, तिथे सोयीचा आकडा भरायचा नाही, एवढे साधे पथ्य आहे. समुद्राच्या तापमानाचा आलेख समोर येतो, तेव्हा किती चौकटी मोजलेल्या होत्या आणि किती कोऱ्या, हेही विचारायला हवे.