आजीचं गाणं जपायचं तर आधी आजीचं नाव लिहा



माझ्या फोनमध्ये तीन मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे. डोंबिवलीजवळच्या गावात वर्गातल्या एका मुलीकडे हळदीला गेले होते. तिथे एक आजी धवला गात होत्या. आवडलं म्हणून घाईघाईत फोन पुढे केला. नाव-गाव काही विचारलं नाही. दोन वर्षांनी तो धवला वर्गात घ्यावा असं मनात आलं, तर निम्मे शब्द कळेनात. त्या घरी चौकशी केली. "नवऱ्याकडच्या कोणीतरी असतील बाई," एवढंच उत्तर मिळालं. गाणं माझ्याकडे आहे, पण ते कोणाचं हे सांगता येत नाही आणि अर्थ विचारायला माणूसही नाही.

हीच चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली भागात आगरी-कोळी समाजाच्या लग्नात धवले गातात. ते गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. लग्नाचे विधी तिच्या गाण्याबरोबर पुढे सरकतात. वारली समाजातही लग्न लावताना गाणारी धवलेरी असते. ही गाणी पुस्तकातून शिकलेली नसतात. आई, आत्या, सासू यांच्या मागे बसून ऐकत पाठ झालेली असतात. २०१५ साली २७ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. आज गावाला लागूनच टॉवर आहेत, हळदीला डीजे असतो. ऐकत बसायला मुलीच नसतील तर गाणं पुढे कसं जाणार?

नाव-गाव लिहिल्याने काय होतं?

आपल्याच राज्यातलं एक मोठं काम पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगरी गावांमध्ये काम करत होते. तिथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी १९८०च्या दशकात लिहून घ्यायला सुरुवात केली. घरोघरी पहाटे जातं फिरायचं तेव्हा ओवी आपोआप यायची. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ओवीची जागा गेली. पुढे १९९०च्या दशकात बर्नार बेल या कामात आले आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं. कारण कागदावर शब्द उतरतात, पण चाल उतरत नाही. गाता गाता कुठे थांबली, कुठला शब्द परत घेतला, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. आज या संग्रहात ११०० हून अधिक गावांतल्या १ लाखाहून अधिक ओव्या आहेत.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं होतं. २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या ओव्या लोकांसमोर आणू लागलं. तेव्हा वीस वर्षांनंतरही त्यांची माणसं त्या गावांत जाऊन गाणाऱ्या बायकांना भेटू शकली. नोंद नसती तर माझ्या त्या फाईलसारखीच गत झाली असती.

आता आपण काय करायचं?

मुलांना सुट्टीत हा उपक्रम जरूर द्या. पण पुढच्या गोष्टी सांगून द्या.

१. आधी परवानगी. रेकॉर्ड करू का, वर्गात ऐकवलं तर चालेल का, हे दोन्ही वेगवेगळं विचारा. काही आजी लग्नाचं गाणं लग्नाशिवाय गाणार नाहीत. नाही म्हणाल्या तर तिथेच थांबायचं.

२. सुरुवातीला बोलून नोंद. तारीख, ठिकाण, आजीचं नाव, वय, माहेर, सासर आणि गाणं कोणाकडून शिकलं, हे गाण्याआधी रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. माहेर विसरू नका. लग्न होऊन बाई गाव बदलते, तिच्याबरोबर गाणंही गाव बदलतं.

३. "गा" म्हणून बसवू नका. बहुतेक जणी "आता काय आठवतं?" म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी अशीच म्हणाली. नातवाने समोर सूप आणि तांदूळ ठेवले. हात चालू झाले आणि दहा मिनिटांत गाणं आलं.

४. आवाज स्वच्छ हवा. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद. फोन विमान मोडवर, आजीपासून हातभर अंतरावर, उशीवर ठेवायचा. मध्येच प्रश्न नको. अर्थ नंतर विचारा आणि तोही रेकॉर्ड करा.

५. जसं गायलं तसं लिहा. आगरी शब्द "शुद्ध" करू नका. कळला नाही त्या शब्दाखाली रेघ मारा आणि आजीला परत विचारा.

६. दोन ठिकाणी ठेवा. फोन बदलला की व्हॉट्सॲपवरचं हमखास हरवतं. फाईलला तारीख, नाव आणि गाव द्या. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राईव्हवर ठेवा. आणि एक प्रत आजीच्या घरी द्याच, गाणं तिचं आहे.

सूप पुढे करणारा तो मुलगा वर्गात घरची बोली बोलायला लाजायचा. आजीचं गाणं लिहून आणलं त्या दिवशी त्यातल्या सात शब्दांचे अर्थ त्याने फळ्यापाशी उभं राहून आम्हाला सांगितले. मला त्यातले चार माहीत नव्हते. त्या तासाला शिकवणारा तो होता आणि मी वहीत लिहून घेत होते.

पालकहो, रविवारी अर्धा तास काढा. गाणं पूर्ण आठवलं नाही तरी चालेल, दोन ओळीही पुष्कळ आहेत. फक्त त्या कोणाच्या तोंडच्या आहेत, हे आधी लिहा.