संगणक प्रणालींचे नामांतर : पाटी आणि यंत्र

१९४९ साली स्थापन झालेल्या 'दक्षिण सातारा' जिल्ह्याचे नाव १९६० साली 'सांगली' असे झाले. कचेऱ्या जागच्या जागी राहिल्या, दप्तरही तेच राहिले. मधल्या अकरा वर्षांतील कागदांवर मात्र 'दक्षिण सातारा' असाच उल्लेख आहे. तो ठाऊक नसलेला वारस जुना दस्त शोधताना अडखळतो.

दीर्घकाळ वापरात असलेल्या संगणक प्रणालींच्या नामांतराचा प्रश्नही याच जातीचा आहे. आयबीएम कंपनीचा 'एएस/४००' हा व्यवसायोपयोगी संगणक २१ जून १९८८ रोजी जाहीर झाला. कारखाने, बँका, गोदामे यांचे हिशेब त्यावर ठेवले जाऊ लागले. २००० साली तो 'आयसिरीज' झाला, २००६ साली 'सिस्टिम आय'. आणि २००८ पासून त्याची कार्यप्रणाली 'आयबीएम आय' या नावाने ओळखली जाते. मौजेची बाब अशी की, १९९५ साली या यंत्राचा प्रक्रियक मुळापासून बदलून ६४ बिटांचा झाला, तेव्हा 'एएस/४००' हे नाव कायमच होते. ग्राहकांचे जुने कार्यक्रमही पुन्हा लिहावे न लागता चालले. कारण कार्यक्रम आणि यंत्र यांच्यामध्ये एक स्वतंत्र थर आरंभापासूनच योजलेला होता.

जुने जाणकार आजही 'एएस/४००' असेच म्हणतात. त्यावर नव्या नावाच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप असा की, जुने नाव कानी पडताच व्यवस्थापक उत्तम चालणारी प्रणाली कालबाह्य समजून मोडीत काढतात. विरोधकांच्या मते, वरचेवर नाव बदलल्याने प्रणालीची ओळखच पुसली जाते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तथापि, एका अक्षराचे नाव शोधण्यासही गैरसोयीचे, हे मान्य करावे लागेल.

आपल्या राज्यातील अनुभव याहून फारसा निराळा नाही. दस्तनोंदणीची 'सरिता' प्रणाली प्रत्येक कार्यालयात स्वतंत्रपणे चालत असे. ती मध्यवर्ती झाल्यावर 'आय-सरिता' म्हटली गेली. येथे बदल खरा होता आणि जुने नावही नव्यात टिकले. हे नामांतर उचित म्हणावे लागेल. पंचायतींच्या हिशेबाची 'प्रियासॉफ्ट' प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज'मध्ये सामावली गेली. तेथे नियोजन आणि लेखा एकत्र आल्याने नवे नाव आवश्यकच होते. ग्रामपंचायतीतील 'संग्राम' केंद्रांची जागा २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रा'ने घेतली. परंतु दाखल्यासाठी तहसील कचेरीत येणारा ग्रामस्थ अजूनही 'सेतू'च विचारतो. त्या नावाची पाटी त्याला दिसली नाही, तर वाट दाखवणारा मध्यस्थ भेटतो, आणि तो फुकट वाट दाखवीत नाही.

संगणकाला स्वतःला नावाची अडचण नसते. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला संकेतांक आहे. गावाचे नाव बदलले तरी नोंदी त्या अंकावरून जुळविता येतात. माणसाला मात्र असा संकेतांक पाठ नसतो. म्हणून नव्या पाटीवर 'पूर्वीचे संग्राम केंद्र' अशी एक ओळ काही वर्षे राहू द्यावी, आणि परिपत्रकांत व शोधसूचीत दोन्ही नावे असावीत. त्या एका ओळीस रंग फारसा लागत नाही.