ठळक, तिरका आणि समरुंद टंक

रोमन लिपीच्या छापील अक्षरांत ‘आय्’ सडपातळ असतें, तर ‘एम्’ ऐसपैस. टंकलेखनयंत्राची गाडी मात्र सामान्यतः प्रत्येक ठोक्यास सारखीच सरके; म्हणून तेथें सर्व अक्षरांना एकाच रुंदीचें घर पत्करावें लागलें. संगणकाला ही सक्ती नाहीं. तरी आज्ञावली लिहिणारे तीच रीत पाळतात, कारण तींत अक्षराखालीं अक्षर व आंकड्याखालीं आंकडा बिनचूक येतो.

जिम लाइल्स यांनीं रेखलेला ‘बिटस्ट्रीम व्हेरा’ हा टंक २००३ सालीं सर्वांस विनामूल्य मिळाला. त्याच्या समरुंद शाखेंत साधें, ठळक, तिरकें आणि ठळक-तिरकें अशीं चार रूपें आहेत. अक्षरांच्या टोकांस सहसा शेपट्या नाहींत. ‘आय्’सारख्या किरकोळ अक्षरास मात्र घर भरण्यासाठीं आडवी पट्टी दिली आहे. तिरकेपणा हस्ताक्षरांतून आलेला नाहीं. उभें अक्षरच कलतें केलेलें आहे. खरी कसोटी ठळकपणाची. रेघ जाड होते, पण घर वाढत नाहीं. लहान ‘एम्’च्या तीन खांबांमधील उजेड राखला नाहीं, तर अक्षराचा डाग होतो.

हा काटेकोरपणा हौसेचा नव्हे. शून्याच्या जागीं ‘ओ’ किंवा एकाच्या जागीं ‘एल्’ पडल्यास आज्ञावली अडते. म्हणून शून्याच्या पोटांत खूण असते. एखादी सूचना ठळक-तिरकी केली, तरी रुंदी न बदलल्यानें रकाने ढळत नाहींत. मात्र सबंध पान असें छापल्यास डोळे शिणतात. सर्वच मोठ्यानें बोलूं लागले, कीं कोणाचेंच ऐकूं येत नाहीं.