लसीकाग्रंथींचा कर्करोग : ओळख, उपचार आणि आपले कर्तव्य



वैद्यकीय साहाय्यासाठी संस्थेकडे येणारे कागद पाहताना एक गोष्ट आम्हांस वारंवार जाणवते. गाठ प्रथम हाताला लागली तो दिवस आणि तिची खरी तपासणी झाली तो दिवस, यांत कित्येक महिने निघून गेलेले असतात. लसीकाग्रंथींच्या कर्करोगात, म्हणजेच लिम्फोमात, हा विलंब विशेष खेदजनक होय. कारण योग्य उपचारांनी बरे होण्याची आशा ज्या कर्करोगांत मोठी आहे, त्यांपैकी हा एक आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

रोग म्हणजे काय?

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसीका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे आहे. त्या मार्गावर मान, काख, जांघ, छाती व पोट येथे शेकडो लहान ग्रंथी असतात. त्यांतील लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच लढाईचे चिन्ह. जखम भरली की ते ओसरते. मात्र याच पेशी अनिर्बंध वाढू लागल्या की लिम्फोमा होतो. इंग्लंडमधील डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या रोगाचे वर्णन केले. त्यांच्या नावावरून हॉजकिन व नॉन-हॉजकिन असे दोन मुख्य गट मानतात. हा रोग संसर्गाने पसरत नाही आणि ते कोणाच्या पापाचे फळही नव्हे. रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे करण्याचे काहीही कारण नाही.

गाठीकडे दुर्लक्ष नको

मान, काख वा जांघेत बहुधा न दुखणारी गाठ हे मुख्य लक्षण. काहींना वारंवार ताप येतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, वजन विनाकारण घटते. हीच लक्षणे क्षयातही दिसतात. आपल्याकडे क्षय पुष्कळ. त्यामुळे मानेची गाठ म्हणजे गंडमाळ, असे समजून तपासणीविना औषधे सुरू होतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लिम्फोमाची गाठ काही काळ लहानही होते; पण रोग जात नाही आणि निदान मात्र अवघड होते.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तथापि तीन-चार आठवड्यांत न ओसरलेली गाठ डॉक्टरांना अवश्य दाखवावी. सुईने काढलेल्या थोड्याशा पेशी या रोगाच्या निदानास अनेकदा अपुऱ्या पडतात; शक्य तेथे पूर्ण ग्रंथी काढून बायॉप्सी करणे उत्तम. शस्त्र लागल्याने ही गाठ पसरते, हा समज निराधार आहे.

उपचार

पेट-सीटी स्कॅन आदी तपासण्यांनी रोगाचे चार टप्पे ठरवतात. येथे चौथा टप्पा म्हणजे अखेर नव्हे. त्यातूनही अनेक रुग्ण बरे होतात. हॉजकिन प्रकारात आरंभीच्या टप्प्यांत दहापैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात. मुख्य उपचार केमोथेरपीचा. काहींना किरणोपचारही देतात. मंद वाढणाऱ्या काही प्रकारांत तर प्रारंभी केवळ देखरेख पुरते.

विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन ही यातील दोन औषधे आपल्या देवळांच्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळाली. म्हणून कोणी तिची पाने चघळू नयेत. शुद्ध करून मोजून दिलेले औषध निराळे आणि विषारी पाला निराळा. रिटुक्सिमॅब या औषधास १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचा भारतीय पर्याय आणला. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या कार-टी पेशी-उपचारास २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रोग उलटलेल्या काही रुग्णांसाठी तो आहे.

घर आणि देऊळ

केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी घटतात व जंतुसंसर्गाचे भय वाढते. अशा वेळी ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रुग्णाने पालखी व उत्सवाची गर्दी टाळावी. कच्च्या दुधाचे पंचामृत आणि चिरून ठेवलेली फळे प्रसाद म्हणूनही घेऊ नयेत. कडक उपवास करू नये. देवदर्शन घरच्या देव्हाऱ्यात घडले तरी ते तितकेच पोहोचते. तरुण रुग्णांनी अपत्यप्राप्तीविषयी उपचारांपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोन-तीन मात्रांनंतर गाठ नाहीशी झाली की 'नवस पावला' असे मानून उपचार सोडू नयेत. गाठ दिसेनाशी झाली तरी रोग शिल्लक असू शकतो, आणि उलटलेला रोग आवरणे अधिक कठीण असते. नवस बोलावा, तो फेडावाही. परंतु डॉक्टरांनी ठरवलेली शेवटची मात्रा घेतल्यावर.

आपल्या घरात वा शेजारी अशी गाठ कोणास असल्यास हा मजकूर त्यांस वाचून दाखवावा, ही नम्र विनंती. सर्वांस आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.