माफी, दया आणि सुटका : श्रीपेरुंबुदूर खटल्यातून काय शिकावे



संविधानाच्या तासाला अनुच्छेद ७२ आणि १६१ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. 'सर, सोनिया गांधींनी माफ केलं म्हणून राजीव गांधींचे मारेकरी सुटले ना?' उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे समजले तर हे दोन अनुच्छेद आणि त्यांच्या आजूबाजूचा बराच कायदा समजतो.

घोटाळा आपल्या भाषेपासून सुरू होतो. मराठीत 'माफी' हा एकच शब्द आपण तीन गोष्टींना लावतो. ज्याचे माणूस गेले त्याने मनातून केलेली क्षमा, ही पहिली. दयेच्या अर्जावर राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी फाशीची जन्मठेप करणे, ही दुसरी. आणि अनेक वर्षे तुरुंगात काढलेल्या कैद्याची उरलेली शिक्षा सरकारने सोडून देणे, म्हणजे शिक्षामाफी, ही तिसरी. इथे चेन्नईत निदान दोन शब्द तरी वेगळे आहेत : 'मन्निप्पु' म्हणजे क्षमा आणि 'विडुदलै' म्हणजे सुटका. या खटल्यातील सात कैद्यांसाठी तमिळनाडूत जी चळवळ झाली, तिची मागणी 'विडुदलै'ची होती. क्षमा देणे हे चळवळीच्या हातात नव्हते आणि सरकारच्याही नव्हते.

आता घटनाक्रम पाहू. श्रीपेरुंबुदूर चेन्नईपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. तुमच्यापैकी बरेच जण औद्योगिक भेटीला तिथल्या मोटार कारखान्यांत गेले असतील. २१ मे १९९१ च्या रात्री तिथल्या प्रचारसभेत धनू नावाच्या आत्मघातकी हल्लेखोर स्त्रीने कमरेच्या पट्ट्यातील बाँब उडवला. राजीव गांधींबरोबर आणखी १५ जण मेले. त्यांत ९ पोलीस होते. ४३ जण जखमी झाले. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पूनमल्ली येथील विशेष न्यायालयाने २८ जानेवारी १९९८ रोजी सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे १९९९ रोजी त्यांतल्या १९ जणांना खुनाच्या आरोपातून मोकळे केले, तिघांना जन्मठेप दिली आणि नलिनी, मुरुगन, संथन व पेरारिवलन या चौघांची फाशी कायम ठेवली. नलिनीबाबत तीन न्यायमूर्तींत एकमत नव्हते. न्या. के. टी. थॉमस यांचे म्हणणे होते की तिला जन्मठेप द्यावी. वडिलांना फाशी होणारच आहे, आईलाही झाली तर तुरुंगात जन्मलेली मुलगी पोरकी होईल.

सोनिया गांधींनीही नलिनीला फाशी देऊ नये अशी विनंती केली. एप्रिल २००० मध्ये राज्यपाल फातिमा बीवी यांनी अनुच्छेद १६१ खाली तिची फाशी जन्मठेपेत बदलली. कायद्याच्या भाषेत या निर्णयाचा पाया मंत्रिमंडळाचा सल्ला हा होता, सोनियांची विनंती नव्हे. विनंतीचे वजन नैतिक होते, आणि मोठे होते. पण इतर तिघांचे अर्ज त्याच सुमारास फेटाळले गेले.

असे का? आपल्याकडे खून हा मृताच्या घराविरुद्धचा गुन्हा मानला जात नाही, तो राज्याविरुद्धचा मानला जातो. म्हणूनच खटल्याच्या शीर्षकात एका बाजूला 'राज्य' असते. किरकोळ मारहाणीसारखे काही गुन्हे फिर्यादीच्या संमतीने मिटवता येतात. मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत खून नाही. इराण आणि सौदी अरेबियात याच्या उलट व्यवस्था आहे : तिथे मृताचे वारस खुन्याला माफ करू शकतात, रक्तमूल्य घेऊन फाशी थांबवू शकतात. ती व्यवस्था आपल्याकडे असती तर? इथे १६ मृतांच्या वारसांना विचारावे लागले असते. एकाच घराच्या होकारावर काम भागले नसते.

माझ्या मते या खटल्यात सर्वांत कमी ऐकले गेलेले म्हणणे ते हेच. १९ मार्च २००८ रोजी प्रियांका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात नलिनीला भेटल्या. आपण आणि बहिणीने मारेकऱ्यांना पूर्ण माफ केले आहे, असे राहुल गांधी पुढे जाहीरपणे म्हणाले. दोन्हींच्या मोठ्या बातम्या झाल्या. वडील गमावलेल्या मुलांनी असे म्हणणे सोपे नसते, त्याचा मान राखलाच पाहिजे. पण बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसांच्या घरी, सभेला आलेल्या कार्यकर्त्यांच्या घरी कोणी काय विचारले? २०१४ साली सुटकेची घोषणा झाली तेव्हा त्यांच्यापैकी काही कुटुंबे विरोध करत सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. स्फोटात जखमी झालेल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्यानेही अनेक वर्षे उघडपणे विरोध केला. या लोकांना 'सूडबुद्धीचे' म्हणणे मला पटत नाही. माझ्या वतीने दुसऱ्याने क्षमा करू नये, एवढेच ते म्हणत होते.

आता दुसरी बाजू, आणि ती इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. पेरारिवलन अटकेच्या वेळी १९ वर्षांचा होता, इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारक. त्याच्यावर ठेवलेला मुख्य ठपका ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा होता. तुमच्या प्रयोगशाळेच्या खणात असतात तशाच. त्याचा कबुलीजबाब पोलीस अधिकाऱ्यासमोर 'टाडा'खाली नोंदवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने टाडाचे आरोप रद्द केले, पण कबुलीजबाब पुरावा म्हणून टिकला. तो नोंदवणारे सीबीआयचे अधिकारी व्ही. त्यागराजन यांनी निवृत्तीनंतर २०१३ साली सांगितले की बॅटऱ्या कशासाठी हव्या होत्या हे आपल्याला माहीत नव्हते, हे पेरारिवलनचे वाक्य त्यांनी लिहून घेतलेच नव्हते. जो स्वतःला निर्दोष म्हणतो तो क्षमा कशाची मागणार? त्याने आणि त्याच्या आईने मागितली ती सुटका.

दरम्यान उरलेल्या तिघांचे दयेचे अर्ज राष्ट्रपती भवनात पडून राहिले ते ११ वर्षे. राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी ऑगस्ट २०११ मध्ये ते फेटाळले. ९ सप्टेंबर ही फाशीची तारीखही ठरली, पण मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पुढे १८ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दिरंगाईच्याच कारणावरून तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या बालहत्याकांडात हेच घडले. रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द करून जन्मठेप दिली, कारण पुन्हा सरकारी दिरंगाई. वर्षानुवर्षे दोर डोक्यावर टांगता ठेवणे हा छळच आहे, हे न्यायालयाचे म्हणणे योग्य आहे. पण फाईल सरकारने अडवायची आणि त्याचा निकाल मृत मुलांच्या आईबापांनी वर्तमानपत्रात वाचायचा, याला काय म्हणावे?

तिसरा प्रकार शिक्षामाफीचा. 'जन्मठेप म्हणजे १४ वर्षे' हा समज आधी काढून टाका. गांधीहत्येच्या खटल्यातील गोपाळ गोडसे यांनी सुटकेचा हक्क सांगितला, तेव्हा १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे उर्वरित संपूर्ण आयुष्य. सूट द्यायची की नाही हे सरकार ठरवते. १४ वर्षे ही काही गंभीर गुन्ह्यांत सूट देण्याआधीची किमान मुदत आहे. त्याच खटल्यात मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या मुलांनी नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. गव्हर्नर जनरल होते सी. राजगोपालाचारी, तमिळनाडूचेच. विनंती मान्य झाली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला फाशी झाली. म्हणजे घरच्यांची क्षमा असूनही फाशी होऊ शकते आणि घरच्यांचा विरोध असूनही सुटका होऊ शकते.

सुटका तशीच झाली. तमिळनाडू मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये सातही जणांना सोडण्याची शिफारस केली. राज्यपालांनी ती अडीच वर्षे ठेवून राष्ट्रपतींकडे पाठवली. राज्यपालांवर मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून १८ मे २०२२ रोजी पेरारिवलनला आणि ११ नोव्हेंबर २०२२ रोजी उरलेल्या सहा जणांना मुक्त केले. तीस वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला होता. मला ही सुटका कायद्याने योग्य वाटते. मुख्यमंत्र्यांनी पेरारिवलनला दिलेले जाहीर आलिंगन मात्र वेगळी गोष्ट. पुण्यात १९६४ साली गोपाळ गोडसे सुटल्यावर त्यांच्या सन्मानाचा कार्यक्रम झाला, आणि त्यातून उठलेल्या गदारोळाचा शेवट कपूर आयोगात झाला. शिक्षा संपली म्हणून सोडणे आणि हार घालणे यांत फरक आहे. राज्य जेव्हा तो पुसते, तेव्हा मृताच्या घरच्यांना दुसऱ्यांदा घाव बसतो.

मग कुटुंबाला कायद्यात जागा कुठे आहे? थोडी आहे. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येते, पीडित भरपाई योजनेतून भरपाई मागता येते. दयेच्या निर्णयाची न्यायालयीन छाननी होऊ शकते, आणि त्या निर्णयाचा मृताच्या कुटुंबावर होणारा परिणामही विचारात घ्यावा, असे २००६ च्या एपुरु सुधाकर निकालात न्या. कपाडिया यांनी नोंदवले आहे. बिल्किस बानो खटल्यातील ११ जणांची शिक्षामाफी ८ जानेवारी २०२४ रोजी रद्द झाली ती खुद्द तिच्या याचिकेवर. खटला मुंबईत चालला असल्याने तो अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हे, हे त्याचे कारण. निकालपत्र न्या. नागरत्ना यांचे. नोव्हेंबर २०२२ चा आदेश देणाऱ्या दोघांच्या खंडपीठातही त्या होत्या.

पुढच्या तासाला येताना नोव्हेंबर २०२२ चा तो आदेश वाचून या, अगदी छोटा आहे. कैद्यांच्या वर्तनाबद्दल आणि त्यांनी तुरुंगात घेतलेल्या शिक्षणाबद्दल काय म्हटले आहे ते टिपून ठेवा. आणि त्या १५ जणांचा उल्लेख कुठे सापडतो का, तेही पाहा.